सातव्या फ्यूजचा दिवा

सासरे : डायनमोच गेलाय म्हणतो ना मी! तीस वर्षं अँब्युलन्स चालवली, सूनबाई. मला आवाजावरून कळतं.

सून : बाबा, इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा पॉइंट दोन व्होल्ट येतात. डायनमो गेला असता तर साडेबाराच्या वर आकडा चढलाच नसता.

सासरे : मग गाडी सकाळी मुकी का होते?

सून : रोज नाही होत. शनिवार-रविवार उभी राहिली की होते. म्हणजे चार्जिंग नीट होतंय, पण उभ्या गाडीत कुणीतरी करंट पितंय.

मुलगा : तुम्हा दोघांचं झालं का? अकरा वाजता गिऱ्हाईक येतंय. खाली हिरवं पाणी गळतंय, वर बॅटरी बसतेय. अशी गाडी कुणी घेतंय हेच नशीब समजा.

सासरे : गिऱ्हाईक? विकायचं ठरलं कधी?

मुलगा : काल. सांगणारच होतो. बाबा, तुमचा हात थरथरतो, तुम्ही चालवत नाही. आणि ही गेल्या महिन्यात भर उन्हात दीड तास रस्त्यावर अडकली. माझा जीव टांगणीला लागतो. काही दिवस बसने जा म्हणतो मी.

सून : बसने दिवसात पेशंटांची तीन घरं होतील. माझी नऊ आहेत. उरलेल्या सहा जणांच्या जखमा कोण धुणार, तू?

सासरे : हात थरथरतो माझा, डोकं नाही. ते हिरवं पाणी कुठून येतंय ते सांग आधी, सूनबाई.

सून : हा बघा पुठ्ठा, काल गाडीखाली सरकवून ठेवला होता. दोन डाग पडलेत. हा शेजारच्या सीटखालचा, नुसतं पाणी. एसीचं आहे, ते पडायलाच हवं. हा पुढचा मात्र हिरवा, बोटाला बुळबुळीत, वास गोडसर.

मुलगा : बघू... खरंच की, सरबतासारखा.

सासरे : चाखू नकोस हो! विष असतं ते. कूलंट आहे. बरं, गळतंय कुठून? खालून बघितलंस की वरून?

सून : वरून. सगळं पुसून कोरडं केलं आणि सगळ्यात उंच ओली जागा कुठली ते शोधलं. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप.

सासरे : इंजिन गरम असताना?

सून : थंड. आधी हात लावून बघितला.

सासरे : पाइप तडकला असेल.

सून : दाबून, वाकवून पाहिला. चीर नाही. क्लिपच ढिली होती, स्क्रू दोन फेरे बसला. नवा कागद गुंडाळून ठेवलाय, अजून कोरडा आहे.

सासरे : हं.

मुलगा : गळती थांबली, मान्य. पण बॅटरी?

सून : ती रात्रभर चार्जरवर होती, आता भरली आहे. किल्ली काढलीय. दाराचा खटका टेपने दाबलाय, म्हणजे आतला दिवा बंद. बाबा, चष्मा लावा आणि हा मीटर मांडीवर घ्या, बॅटरीच्या तारेत जोडलाय, किती करंट जातोय ते दाखवेल. आणि तू फ्यूजच्या डब्यापाशी बस. मी सांगेन तो उपटायचा, मग परत लावायचा.

(सासरे अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मीटरवर वाकलेले, मुलगा उघड्या दारापाशी उकिडवा, सून बॉनेटपाशी.)

सून : आकडा?

सासरे : पॉइंट आठ दोन अँपिअर.

सून : निजलेल्या गाडीला एवढं लागत नाही. काढ पहिला.

सासरे : तेवढाच.

मुलगा : दुसरा. हॉर्नचा.

सासरे : ढिम्म.

मुलगा : तिसरा... चौथा... पाय भरून आले माझे. पाचवा. सहावा.

सासरे : हलत नाही.

मुलगा : सातवा.

सासरे : पडला! पॉइंट शून्य तीन! सूनबाई, पडला!

सून : सातव्यावर काय आहे? झाकणावर वाच.

मुलगा : आतले दिवे. पण दिवा तर बंद आहे!

सासरे : हा बंद आहे. आणखी एक दिवा असतो गाडीत.

सून : डिकी! फ्यूज परत लाव आणि पाच मिनिटं थांब. मग डिकी उघडल्याबरोबर बल्बला हात लाव.

मुलगा : ...आई गं! पोळलं!

सून : म्हणजे बंद डिकीत पेटलेलाच होता. हा बघा, खटका वाकलाय. झाकण बसलं तरी दाबला जात नाही. माझ्या ड्रेसिंगच्या पेटीचा कोपरा रोज इथेच आपटतो. चूक माझीच.

सासरे : पक्कड घे. हळूच सरळ कर. ...मी डायनमो म्हणालो होतो.

सून : हो.

सासरे : चुकलो.

मुलगा : काय? बाबा काय म्हणाले? पुन्हा म्हणा!

सासरे : गप्प बस. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिने माझी क्लच प्लेट जाळली, तेव्हा आठ दिवस बोललो नव्हतो मी हिच्याशी.

सून : अकरा.

सासरे : मोजलेस?

सून : भाजी वाढताना नुसतं 'हं' म्हणायचात.

सासरे : अकरा दिवस फुकट घालवले मी. माझ्या हाताखाली चौदा ड्रायव्हर तयार झाले, सूनबाई. एकानेही कधी पुठ्ठा घातला नाही गाडीखाली.

मुलगा : गिऱ्हाइकाचा फोन येतोय. काय सांगू, बाबा?

सासरे : मला काय विचारतोस? गाडीच्या मालकिणीला विचार.

सून : ...सांग त्याला, गाडी कामावर निघालीय.

सासरे : आधी दहा किलोमीटर तापवून आणू. मग परत खाली कागद घालून बघायचं.

सून : चला. तुम्ही घेता का चालवायला? मोकळा रस्ता आहे, हळूहळू जाऊ.

सासरे : नको. तू चालव, मी तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवतो. आणि आमच्या अँब्युलन्सच्या गॅरेजसमोरून घे. तिथे जरा सावकाश घे, माझ्या ड्रायव्हरांना दिसू दे कोण चालवतंय.

सून : बसलात नीट?

सासरे : बसलो. पण अगं, या बाजूचा पट्टा कुठून ओढायचा? इथे मी कधी बसलोच नाही.