ब्रेड नको

सार्वमताच्या सकाळी शाळेच्या अंगणात मर्ना मतदारांसाठी सॉसेज भाजून ब्रेडमध्ये घालून विकत होती. रांगेतल्या दोघींचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"अगं, हा ब्रेड तर ड्युगलच्या बेकरीतला!"

"बाहेरगावचा मागवला होता, पण नदीचं पाणी रस्त्यावर आलंय. गाडी पलीकडेच अडकली."

"दोन महिने कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढलं नाही! सार्वमतात मूळ रहिवाशांसाठी 'होय' म्हणा, अशी पाटी लावली ना त्यानं."

"ती अजून तिथेच आहे."

"मग ब्रेड मागायला गेलं कोण? आणि कुठल्या तोंडानं?"

"क्लॅरी."

"चल! बहिष्कार तर त्यानंच घालायला लावला!"

"तोच गेला. म्हणाला, शाळेचा स्टॉल आहे, पोरांच्या पुस्तकांसाठी. बघतो तर चाळीस ब्रेड भाजून तयार."

"कुणी सांगितलं नसताना?"

"दर मतदानाला ड्युगलच देतो ना, एकोणीस वर्षं. एवढंच म्हणाला, पाटी काढणार नाही. क्लॅरी म्हणाला, मीही तुझा ब्रेड खाणार नाही. मग दोघांनी मिळून क्रेट गाडीत चढवले."

"बाई गं!"

तेवढ्यात क्लॅरीचा नंबर आला. मर्नानं सवयीनं ब्रेड उचलला. त्यानं मान हलवली आणि रिकामा तळहात पुढे केला.

"हात भाजेल, क्लॅरीकाका."

"ठेव."

तिनं गरम सॉसेज तळहातावर ठेवलं.

त्याच्या मागे ड्युगल उभा होता. त्यानं स्वतःचाच ब्रेड बाजूला सारला आणि तळहात पुढे केला.