विंगेतला आवाज

घे गं, चकली घे, लाजू नकोस — हां, काय विचारत होतीस? विंगेतून बायकोचा आवाज, ही आयडिया कोणाची? तू इंग्लिशमध्येच विचार हं अनिका, मला चालतं, पण मी मराठीतच सांगणार, तुझ्या आईशी तसंच ठरलंय. फोनवर रेकॉर्ड होतंय ना? मग सांगते — आयडिया माझ्या नवऱ्याची, रवींद्रची. भाषांतर त्याचं, दिग्दर्शन त्याचं, मुख्य कामही त्याचंच. पुण्यात सगळे लावतात तसा त्यानेही जर्मनचा क्लास लावला होता — बाकीचे एक परीक्षा देऊन सोडतात, हा पठ्ठ्या पार नाटकं वाचेपर्यंत गेला!

आणि नाटक तरी काय — तू त्याच्यावरच पीएचडी करतेयस, तुला काय सांगायचं, पण सांगते — एक म्हातारा, बायको गेलेली, रोज दोघांचं टेबल मांडतो आणि रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. खुर्ची काही बोलत नाही. जर्मन खुर्ची, ती कशाला बोलेल! आम्ही ते इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आणलं, बटाट्याच्या सूपची आमटी केली, नाव ठेवलं 'आमटी निवतेय'. तालमी आमच्याच बेसमेंटमध्ये — तालमी कसल्या, पॉटलक! अहिल्याची बिर्याणी संपली की पहिला अंक, तेवढ्यात कोणाचा तरी ऑफिसचा फोन. मी प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरशिवाय आपल्या मराठी मंडळाचं नाटक उभं राहतं का? नाही राहत. पाठांतर आपल्याकडे ऑप्शनल! तर प्रयोगाच्या दिवशी यतीन साउंडला, इंटरव्हलला समोसे कुठे मिळतील ते मी सांगणार, म्हणून त्याने मला कॉलरला माइक लावला — आणि बंद करायचा विसरला! झालं. मी विंगेतून वाक्य सांगतेय, अख्खा हॉल ऐकतोय, आणि मग तेच वाक्य रवींद्र म्हणतोय. पुढे बसलेले, मूळ नाटक तोंडपाठ असलेले ते जर्मन प्रोफेसर ढसाढसा रडले. लेख लिहिला त्यांनी — मराठीत मेलेली बायकोच नवऱ्याला शब्द पुरवते, म्हणे! आता तिकडे जर्मनीतसुद्धा विंगेत बाई बसवतात, बोल आता — यतीनचं एक बटण, आणि —

अगं, पण हे नको लिहूस हं. आयडिया रवींद्रचीच. का म्हणजे? लोक म्हणतील, पाठांतर नव्हतं. होतं गं! दरवर्षी सगळ्यांचे संवाद ह्याला पाठ, मलाच चुका दाखवायचा. त्या वर्षी मात्र — स्वतः लिहिलेली वाक्यं, आणि माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटलं, ऑफिसचं टेन्शन. मग एकदा गाडीत बसून मला विचारतो, आपण कुठे निघालोय गं? घरी येत होतो आम्ही. — तो फोन बंद कर आधी. केलास? बरं.

लाज नाही वाटत मला, राग येतो. मंडळात आता 'बिचारा रवींद्र' म्हणतात ना, त्याचा. तुझ्या थीसिसमध्ये तो बिचारा नकोय मला, नट हवाय. शेवटचं वाक्य — 'उद्या मीठ मी घालीन, तू नुसती समोर बस' — तीनदा सांगितलं मी विंगेतून. तो वळला, माझ्याकडे बघून गोड हसला, आणि म्हटलंच नाही. पडदा. प्रोफेसर लिहितात, शेवट बायकोवर सोडला, काय धाडस! धाडस कसलं, मी चौथ्यांदा सांगणार होते. कधीच म्हटलं नाही त्याने ते वाक्य —

अरे, उठलास? ये, बस. ही अनिका, पद्मिनीची मुलगी, तुझ्या नाटकासाठी आलीय. नाही रे, आज तालीम नाहीये. चहा टाकू का? — काय? काय म्हणालास?... अनिका, ऐकलंस ना? मी ओठसुद्धा हलवले नाहीत, तू बघत होतीस — मीठ, समोर बस, सगळं, एका दमात! फोन, अगं फोन — बंद करायला कोणी सांगितलं होतं तुला!