कुसुम सिस्टरचं अवांतर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! आधी एक प्रश्न. अवांतर म्हणजे काय? विषय सोडून जे बोललं जातं ते अवांतर — बरोबर! पण विषय कुठला आणि अवांतर कुठलं, हे ठरवायचं कुणी? ऐका. आज हसायच्या तयारीनं आला असाल तर आधीच सांगतो — मी रागावलोय!

मी अँप्लिफायर दुरुस्त करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाहीतर तुमचा हा भोंगा गणपतीतच मुका झाला असता! तर आम्हा दुरुस्तीवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. चारशे माणसं — पंखेवाले, पंपवाले, दवाखान्यातली यंत्रं बघणारे. कुणाचं अडलं की विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. केवढं पुण्याचं काम! ग्रुपचे प्रमुख विश्वंभर कुलथे, शिस्तीचा माणूस. त्यांनी नियम केला — इथं फक्त यंत्रांचं बोलायचं. दुसरं काही टाकायचंच असेल तर वर 'अवांतर' असं लिहायचं. चांगला नियम! मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

आता चला डोंगरातल्या एका लहान दवाखान्यात. तिथं कुसुम पाडवी नावाची नर्स. सुमन नावाच्या पोरीला सातव्याच महिन्यात बाळ झालेलं — एवढंसं, ओंजळीत मावेल! बाळ काचेच्या पेटीत, उबेला. आणि सकाळी नऊ वाजता पेटी टीं टीं करायला लागली. ऊब बंद! रुग्णवाहिका दुसऱ्या बाईला घेऊन जिल्ह्याला गेलेली. पेटीच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "परवा येतो." परवा! अहो, मिक्सर बिघडलाय का तो?

कुसुमनं बाळाला सुमनच्या उघड्या छातीशी बांधलं, वरून गोधडी लपेटली. तेवढंच तिच्या हातात होतं. मग तिला आमचा ग्रुप आठवला. कुण्या मेकॅनिकनं तिला कधीतरी त्यात घेतलेलं. आणि बरं का — चारशे लोकांत ते नियम वाचणारी ती एकटी! तिला वाटलं, मी काही मेकॅनिक नाही, माझं बोलणं अवांतरच. म्हणून तिनं लिहिलं —

"अवांतर. माफी असावी. मी नर्स आहे. बाळाची पेटी गरम होत नाही, लाल दिवा लागलाय. कुणी सांगेल का काय करू?"

आणि त्या दिवशी काय होतं? कुलथेसाहेबांचा वाढदिवस! झाली सुरुवात. केक! फुलं! ढोल वाजवणारा हत्ती! दोनशे अकरा शुभेच्छा! त्यातल्या एकानं तरी वर अवांतर लिहिलं का? एकानंही नाही!

कुसुमनं पुन्हा लिहिलं. पुन्हा वर — अवांतर. मग कुलथे उत्तरले, "ताई, हा ग्रुप तंत्रज्ञांचा आहे. कृपया शिस्त पाळा." आणि लगेच खाली, "शुभेच्छांबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार!" ऐकताय ना? नियम कुणाला लागला? जी पाळत होती, तिला!

दुपारी एक वाजता कुसुमचा फोन वाजला. इब्राहिम तांबोळी, आमच्याच ग्रुपमधले निवृत्त मेकॅनिक; तिचा निरोप त्यांनी तेव्हा कुठं वाचला होता.

"सिस्टर, पेटीच्या मागं हवेची जाळी असेल बघा. धूळ बसलीय का?"

"चाचा, पार बुजलीय!"

"काढा, झटका, परत लावा."

दोन मिनिटं! लाल दिवा गेला, ऊब सुरू झाली. दोन मिनिटांच्या कामाला चार तास! आणि त्या चार तासांत बाळाचे पाय दोनदा निळे पडले. आई बिचारी हलेना, नीट श्वास घेईना — बाळाची ऊब जाईल म्हणून. बाळ वाचलं हो! पण त्या आईनं वाचवलं. आम्ही चारशे जण केक कापत होतो.

काय म्हणालात काकू? त्या कुलथ्याला चांगलं झाडायला हवं? थांबा. तो हत्ती — ढोल वाजवणारा — तो कुणी टाकला होता? मी!

कुसुमचा निरोप माझ्या हत्तीच्या बरोब्बर वर होता. मी पहिला शब्द वाचला, 'अवांतर', आणि बोटानं पुढं सरकवला. आणि मंडळी, ती जाळी मला माहीत होती! अँप्लिफायरच्या मागं तशीच असते, बुजली की यंत्र बंद पडतं. रोज झटकतो मी ती. म्हणून सांगितलं ना, मी रागावलोय. कुलथ्यांवर रागावणं सोपं होतं हो, पण चार दिवस झाले, मला झोप नाही.

आणि तुम्ही? तुमच्याही मोबाइलवर शाळेचा, सोसायटीचा, फवारणीचा ग्रुप आहे. आज सकाळी किती फुलं पाठवलीत? त्या फुलांखाली कुणाचा प्रश्न गाडला गेलाय, पाहिलंत? नाही ना! मग आज गजर नंतर. काढा मोबाइल. वर जा, एकेक निरोप वाचा. माफी मागून कुणी काही विचारलं असेल, आणि तुम्हाला येत असेल, तर आत्ता इथं बसून उत्तर लिहा. देव थांबेल, त्याला थांबायची सवय आहे.

काढा, काढा. मीही काढतो.