सगुणाबाईंचा रिपोर्ट

(सातपूर, २००८. सायबर कॅफे, दुपारी साडेतीनचा सुमार. सगुणाबाई आणि त्यांची सून उज्वला एका कॉम्प्युटरपुढे.)

उज्वला : नको आई, अजून विचार करा. परवा हे जाणारच आहेत डॉक्टरांकडे. तेव्हा कळेलच की.

सगुणाबाई : दीपकला कळंल. मला काय कळंल? मागच्या साली घरी येऊन म्हनला, "आई, साधी गाठ होती, काढून टाकली." साध्या गाठीपायी अख्खी छाती काढतात का गं? सहा सहा सलाईनी लावतात?

उज्वला : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

सगुणाबाई : पहिल्या सलाईनीपासून. शेजारच्या खाटंवर हरसूलची कुसाबाई होती. तिनं इचारलं, "तुलाबी तोच का?" मी म्हनलं, "तोच." केस गेले तवा दीपक म्हनला, औषध गरम पडलं. मी म्हनलं, हो बाबा, गरम पडलं.

उज्वला : आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत!

सगुणाबाई : लेकरू जीव तोडून खोटं बोलत होतं, कसं मोडू? पन आता काखंत दुसरी गाठ आलीय. हिचं काय ते मला आधी कळलं पायजे. शेवंती लावायची का रान वाट्यानं द्यायचं, ते मला ठरवायचंय. म्हनून सोमवारी सुई टोचली ना, तवा लॅबमधल्या पोरीला सांगितलं, मोबाईल नंबर माझ्या सुनंचा लिव्ह.

उज्वला : तरीच! रिपोर्ट नेटवर बघायच्या पासवर्डचा मेसेज आला, मला वाटलं चुकून आला.

सगुणाबाई : चुकून नाय. एमएस-सीआयटी तू केलीस, दीपकनं नाय.

उज्वला : आई, वाईट निघालं तर? तुमच्यासमोर मी वाचू कशी?

सगुणाबाई : जसं असंल तसं वाच. वाईट निघालं तरी माझंच हाय, दुसऱ्या कोनाचं नाय. टाक ते आकडे.

उज्वला : थांबा, नेट हळू आहे... आलं. सगुणाबाई सावळीराम. वय छप्पन्न.

सगुणाबाई : अठ्ठावन्न. जाऊ दे, पुढं.

उज्वला : खाली लिहिलंय... निगेटिव्ह.

सगुणाबाई : म्हंजे वंगाळ?

उज्वला : नाही, नाही, नीट वाचू द्या. निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी. हा शब्द मागच्या वर्षीच्या कागदावर होता, मला पाठ झालाय तो...

सगुणाबाई : मराठीत सांग.

उज्वला : म्हणजे... ते नाही तुम्हाला.

सगुणाबाई : ते म्हंजे काय? नाव घे त्याचं.

उज्वला : कॅन्सर. आई, या गाठीत कॅन्सर नाही. नुसती सूज आहे.

सगुणाबाई : परत वाच.

उज्वला : कॅन्सर नाही.

सगुणाबाई : मोठ्यानं! ऐकू दे सगळ्यांना.

उज्वला : कॅन्सर नाही, आई! नाही!

दीपक : उज्वला? बाहेर तुझी स्कूटी दिसली म्हणून थांबलो तर... आई? तू इथं? काय दाखवतेस तिला? बंद कर ते आधी!

सगुणाबाई : हात लावू नको. बस इथं. फर्स्ट शिफ्ट सुटली वाटतं.

दीपक : आई... तू वाचलंस?

सगुणाबाई : वाचलं उज्वलानं. मी वाचले. कॅन्सर नाय रे दीपक. परत आला नाय.

दीपक : परत? म्हणजे... आधीचा तुला माहीत होता?

उज्वला : सगळं माहीत होतं त्यांना. वर्षभर.

दीपक : मला वाटलं तू हाय खाशील. अण्णा असते तर बापाजवळ तरी बोललो असतो. कोणाला सांगू? कंपनीत मशीनवर उभा राहून रडायचो मी.

सगुणाबाई : दिसायचे ना सुजलेले डोळे. म्हनायचास, ऑइल उडालं. तू मला जपलंस, मी तुला. बोलायचं तेवढं राहून गेलं.

उज्वला : प्रिंट काढू?

सगुणाबाई : दोन काढ. एक कुसाबाईला दाखवायला नेते. तिची तपासणी पुढल्या महिन्यात हाय, लय घाबरलीय. आन् तिलाबी हे पासवर्डचं सांगते.

दीपक : बरं, परवा डॉक्टरांना मी भेटून येतो. पुढची औषधं—

सगुणाबाई : परवा खुर्चीत मी बसनार. तू शेजारी उभा राहा. काय सांगायचं ते डॉक्टर मला सांगतील. तुला काय इचारायचं असंल तर आत्ता इचार.

दीपक : ...दुखतं का गं तुला?

सगुणाबाई : दुखतं ना. हात वर केला की दुखतं. बरं वाटलं सांगून.