जाळीच्या खांबाशी

जांबोटीच्या थांब्यावर सकाळच्या बेळगाव गाडीची वाट बघत उभा होतो. पुढं दोघी बायका होत्या. त्यातली थोरली सारखी रस्त्याकडं वाकून बघायची.

“गाडी दिसती काय गं यल्लव्वा?”

“न्हाय. बस की जरा खाली, तानीआक्का. आज तुला कामाला सुट्टी हाय न्हवं?”

“म्हणूनच जीव थाऱ्यावर न्हाय. धा वाजता बेळगावच्या कॅम्पात पोरींच्या टेनिसचा शेवटचा सामना हाय. हुबळीची एक, सांगलीची एक.”

“तुला गं कशाला त्याचा घोर?”

“मैदान शेणानं मी सारवलंय न्हवं! परवा सारवून कोपऱ्यात चिमूटभर रांगोळी घातली. नेमका तिथंच चेंडू पडला. एक पोरगी म्हणती आत, दुसरी म्हणती भायेर. मैदानाचा सायेब माझ्यावर लई तापला. रांगोळी चुन्याच्या रेघंसारखी दिसती म्हणं.”

“बरोबरच हाय की त्येचं.”

“व्हय. म्हणून काल सारवलं आन् तसंच ठेवून आले.”

“बिनरांगोळीचं?”

“तवापास्नं घास उतरंना. सारवून तसंच कवा ठेवतो गं आपण?”

“मढं उचलल्यावर.”

“आन् त्याच्यावर आज दोन पोरी पळणार. त्येच्या आधी जाऊन चिमूटभर रांगोळी घालतेच.”

“आगं, पर सायेबानं बघितलं तर?”

“रेघंपास्नं लांब, जाळीच्या खांबाच्या बुडाशी घालीन. पदराला बांधून आणलीया. बघ की, गाडी दिसती काय?”

“न्हाय अजून. आक्का, कोण जिंकावं वाटतंय तुला?”

“कुणीबी जिंकू दे. दोघी आपल्या पायानं घरी जाऊ देत.”