वॉटर हीटरच्या कपाटातली वाईन

ड्रायर पीं पीं करून थांबला आणि आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममधली घरघर कमी झाली. लेकीला, सईला मांडीवर घेऊन मी आमच्या कपड्यांची वाट बघत होते. समोर एक अनोळखी मराठी जोडपं गरम चादरीची घडी घालायला लागलं.

“नेत्रा, ती फ्रेंच वाईन तू वॉटर हीटरच्या कपाटात ठेवलीस?”

“मग कुठे ठेवू? बाकीची सगळी कपाटं तुझ्या आई आवरतात.”

“अगं, उकडली असेल ती. तिथे पापड वाळतील.”

“सेकंड लेबलच आहे ना?”

“म्हणून काही ती दुय्यम नाही होत. तीच नावाजलेली इस्टेट, फक्त धाकट्या वेलींची द्राक्षं. ग्रीन कार्ड झालं तेव्हा मॅनेजरने स्वतः निवडून दिली. शनिवारी जेवायला आला की तीच उघड म्हणेल.”

“आईंसमोर?”

“आईला देवळात सोडू.”

“मागच्या वेळीही तेच केलंस, निमिष. त्या मला विचारत होत्या, घरी पाहुणे आले की मलाच का गं देवदर्शन?”

“असं म्हणाली?”

“हो. त्यांना वाटतं, इंग्लिश येत नाही म्हणून तुला त्यांची लाज वाटते.”

“तसं नाहीये गं. मी फक्त सोशली पितो, हे तिला कसं सांगू?”

“सोशलीच सांग. पण शनिवारच्या आत सांग. मी आता काही लपवणार नाही. चादर नीट धर.”

मला वाटत होतं सई झोपली आहे. तिने मान वर केली.

“आई, आजी येते तेव्हा आपण काय हाइड करतो?”