आखडलेली बोटं

ऑक्टोबरातील एका रविवारी सकाळी, स्वित्झर्लंडमधील मायरिंगेन गावी, डोंगराकडे जाणाऱ्या पिवळ्या बसच्या रांगेत फेरेना आजी उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक बाप वाकून आपल्या सहा वर्षांच्या लेकीच्या डोंगरी बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहत होता.

“जागा आहे की गं, लादिना! मग लंगडतेस का?”

“लंगडत नाही, नाचतेय.”

“काढ बघू बूट.”

“नको ना, बाबा! बस येईल.”

“अगं, बोटं लालबुंद झालीत! दुकानातही मी दाबून पाहिलं होतं.”

“तेव्हा मी बोटं आखडून घेतली होती. आत्तासुद्धा.”

“वेडाबाई, कशासाठी?”

“मोठे बूट संपले होते ना. तू म्हणाला असतास, पुढच्या वेळी जाऊ. आईकडून तू मला न्यायला येणार दोन आठवड्यांनी. तोवर डोंगरावरची मुक्कामाची झोपडी हिवाळ्यासाठी बंद!”

आजींनी नजर वळवली. बापानं पिशवीतून लेकीचे रोजचे बूट काढले.

“आज साध्या बुटांनी तळ्याकाठी जाऊ, सॉसेज भाजू. आईला विचारतो, पुढच्याच रविवारी डोंगर चढू. नवे बूट घेऊन.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग बूट घ्यायला आईलाही आण. तुला फसवणं फार सोपं आहे, बाबा.”